चिंध्यांची बाहुली

विराटपर्वांत एक लहानसा प्रसंग आहे. गोग्रहणाच्या धामधुमींत तो वाचकांच्या नजरेंतून सहज निसटतो. कौरवांनीं विराटाच्या गाई वळविल्या आणि राजपुत्र उत्तर बृहन्नडेला सारथी करून निघाला, तेव्हां राजकन्या उत्तरा व तिच्या सख्या यांनीं त्या सारथ्याला जातां जातां एक काम सांगितलें: कुरुवीरांना जिंकून परत येतांना आमच्या बाहुल्यांसाठीं त्यांचीं तलम, रंगीबेरंगी वस्त्रें घेऊन ये. अर्जुन तें विसरला नाहीं. कौरवसेना मोहित होऊन पडल्यावर त्यानें उत्तराला रथाखालीं उतरविलें, आणि द्रोण व कृप यांचीं पांढरीं, कर्णाचें पिवळें, अश्वत्थामा व दुर्योधन यांचीं निळीं अशीं वस्त्रें काढून आणविलीं. भीष्म शुद्धीवर आहे, त्याच्यापासून जपून राहा, हेंही बजावलें. महारथींचीं उत्तरीयें अखेर बाहुल्यांच्या अंगावर जावयाचीं होतीं!

जुनें वस्त्र आणि बाहुली यांची जोडी आपल्याकडे किती पुरातन आहे, हें यावरून दिसेल. वात्स्यायनानेंही कामसूत्रांत लहान मुलींना द्यावयाच्या बाहुल्या सांगतांना सूत, लाकूड, शिंग, हस्तिदंत, मेण, पीठ आणि माती यांचा उल्लेख केला आहे. त्यांत पहिलें नांव सुताचें आहे.

परंतु इतिहासकाराची खरी अडचण पुढेंच आहे. मातीचीं चित्रें उत्खननांत सांपडतात, हस्तिदंताच्या पुतळ्या परदेशीं जाऊन जपल्या जातात. चिंध्यांची बाहुली मात्र एका पिढीचा पावसाळा सोसत नाहीं. वाळवी, उंदीर आणि चूल या तिघांनीं तिचा सारा पुरावा खाऊन टाकला आहे. म्हणून जें खेळणें सर्वांत अधिक घरांत होतें, त्याचाच मागमूस सर्वांत कमी उरला. इजिप्तच्या कोरड्या वाळूनें तेवढी एक साक्ष राखली: रोमन अमदानींतील, तागाच्या कापडाची, आंत चिंध्या व पपायरसचे तुकडे भरलेली एक बाहुली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें आहे. दीड हजार वर्षांहून जुनी ती बाहुली मराठी घरांतील कोणत्याही आजीबाईला परकी वाटणार नाहीं.

कारण कृति तीच. जुन्या लुगड्याची चिंधी घट्ट गुंडाळून डोकें करावें, त्यावर पांढरा तुकडा ताणून गळ्याशीं दोरा आवळावा, आडव्या गुंडाळीचे हात करावे, काळ्या दोऱ्यानें डोळे भरावे, कुंकवाचें बोट टेकावें. खणाच्या कातरणाची चोळी आणि जरीच्या फाटक्या कांठाचा पदर मिळाला कीं नवरी सजली. मग शेजारच्या आळींतून बाहुला आणावयाचा, रुखवत मांडावयाचें, आणि व्याहीभोजनांत चुरमुरे वाढावयाचे! लाकडी ठकी दुकानांतून विकत येई, तिचें हसूं रंगाऱ्यानें ठरविलेलें असे. चिंध्यांच्या बाहुलीचा चेहरा घरांतच ठरे.

वाशीम जिल्ह्यांतील मानोरा तालुक्यांत पोहरादेवी हें गांव आहे. इ. स. १७३९ मध्यें जन्मलेल्या संत सेवालाल महाराजांची समाधि येथें आहे, आणि रामनवमीच्या यात्रेला देशभरचे बंजारे येथें लोटतात. ज्यांना कापडाच्या तुकड्याचें मोल कळावें अशी वाट या समाजाच्या पायांखालून गेली आहे. सतराव्या शतकांत फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये यानें त्यांचे दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिले. बायकामुलांसह ते धान्य आणि मीठ वाहात मुलुखभर फिरत. अशा चालत्या घरांत नाजूक खेळणें टिकावें कोठें? पुढें रेल्वे आली, बैलांचा धंदा बुडाला. इ. स. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें कित्येक ठिकाणीं या कष्टाळू लोकांवर कलंकही लादला. तो कायदा १९५२ पर्यंत पुसला गेला नाहीं. इतकें सोसूनही तांड्यांतील बायांनीं सुई खालीं ठेविली नाहीं, ही गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे.

फेटिया आणि कांचळी यांवरील त्यांचें भरतकाम, त्यांतील आरसे व कवड्या सर्वांना ठाऊक आहेत. कर्नाटकांतील संडूरच्या लंबाणी भरतकामाला तर भौगोलिक मानांकनही मिळालें आहे. या हातांनीं केलेल्या बाहुलीलाही तोच घेरदार फेटिया, तीच ओढणी असते. शहरांतील लोक आज ती शोभेसाठीं दिवाणखान्यांत ठेवतात. तें ठीकच, परंतु कांचेच्या कपाटांत बसणें हें तिचें मूळ काम नव्हे. पोहरादेवी येथें ५ ऑक्टोबर २०२४ रोजीं बंजारा विरासत संग्रहालयाचें उद्घाटन झालें. संतांचा आणि तांड्यांचा इतिहास सांगणाऱ्या अशा वास्तूंत पोरींच्या खेळण्यालाही हक्काचा कोनाडा असावयास हवा.

इतकीं देखणीं खेळणीं बाजारांत असतांना लेंकरूं चिंधीलाच कां बिलगतें? अमेरिकेंत जॉनी ग्रुएल यानें १९१५ मध्यें आपल्या ‘रॅगेडी अ‍ॅन’ या कापडी बाहुलीचें पेटंट घेतलें आणि कारखाने चालले. उत्तर मात्र १९५८ मध्यें हॅरी हार्लो या मानसशास्त्रज्ञानें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून मिळालें. आईवेगळ्या माकडाच्या पिलांपुढें त्यानें दोन कृत्रिम आया ठेविल्या: एक नुसत्या तारेची, दुसरी मऊ कापडाची. तारेच्या आईजवळ दूध असलें तरी पिलें पिऊन लगेच परतत आणि उरलेला वेळ कापडाच्या आईला घट्ट धरून बसत.

आपल्या घरांत या प्रयोगाची गरज कधींच पडली नाहीं. बाहुली फाटली तर तिला टाकून न देतां वरून दुसरी चिंधी गुंडाळीत. धाकटीच्या हातीं ती येई तेव्हां वरचें पातळ आईचें, त्याखालीं थोरल्या बहिणीचें परकर, आणि अगदीं आंत, गांठ सोडल्यावांचून कोणाला दिसणार नाहीं असा, आजीच्या इरकलीचा तुकडा असे.