प्रवासवर्णनांतले नांदगाव

मुंबई-भुसावळ लोहमार्गावरचे नांदगाव एकेकाळी वेरूळच्या वाटेवरचे स्टेशन म्हणून देशोदेशीच्या प्रवाशांना ठाऊक होते. जुनी प्रवासवर्णने काळाच्या क्रमाने वाचली, की लेणी तिथेच असली तरी तिकडे जाणारी वाट कशी सरकत गेली ते दिसते.

सतराव्या शतकात परदेशी माणूस सुरतेला उतरून दख्खनमध्ये येई. फ्रेंच प्रवासी थेव्हेनो 1660 च्या दशकात सुरतेहून औरंगाबादकडे आला. वाटेतला टप्पा म्हणून तो 'एंकीटेंकी' असे नाव देतो. मनमाडजवळच्या अंकाई-टंकाईला ओळखायला इथल्या माणसाला कोश लागत नाही. वेरूळच्या लेण्यांविषयी युरोपीय वाचकांना जी सुरुवातीची माहिती मिळाली, तीही थेव्हेनोच्याच पुस्तकातून. पुढे मुंबई वाढली आणि वाट दक्षिणेकडून निघाली. कॅप्टन सीली 1810 मध्ये मुंबईहून निघाला तो पुणे, अहमदनगर, टोके असा. त्याचे पुस्तक 1824 मध्ये छापले गेले. त्यात लेण्यांइतकाच रस्ताही आहे, आणि आजच्या वाचकाला कदाचित तोच भाग अधिक उपयोगी वाटेल.

मराठीत अशा वाटेचे वर्णन वाचायचे तर 'माझा प्रवास' हाती घ्यावा. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 मध्ये दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि बंडात सापडले. त्यांचे लेखन चिंतामणराव वैद्यांनी 1907 मध्ये प्रसिद्ध केले. तोवर पायवाटांच्या जागी रूळ आले होते, त्यामुळे पहिल्याच वाचकांना ते मागच्या युगाचे वाटले असणार.

नांदगावचे दिवस पालटले ते याच रुळांमुळे. जीआयपी रेल्वेचा मार्ग इथून गेला आणि 1865 च्या आरंभी थळ घाटाची अवघड चढण गाड्यांना खुली झाल्यावर मुंबईहून थेट येणे जमू लागले. वेरूळ इथून सुमारे 70 किलोमीटर. देवगावावरून टांग्याने किंवा बैलगाडीने जायचे. आता पाहुण्यांना मार्ग सांगणारी पुस्तकेही वेगळ्या घडणीची झाली. लंडनच्या मरे प्रकाशनाच्या हँडबुकांत वर्णनापेक्षा अंतरे, वाहने आणि मुक्कामाची सोय यांना मान होता. अशा पुस्तकांत नांदगाव येते ते उतरण्याचे ठिकाण म्हणून. गावाविषयी त्यांत फारसे काही मिळत नाही. ते हवे असेल तर 1883 चा नाशिक जिल्ह्याचा गॅझेटियर बरा.

1900 च्या सुमारास निजामाच्या राज्यातून मनमाडपर्यंत मीटरगेज मार्ग आला. लेण्यांच्या प्रवाशाने मनमाडला गाडी बदलायची आणि दौलताबाद किंवा औरंगाबादला उतरायचे, असे नवे वेळापत्रक झाले. नांदगावचा टांगा मागे पडला आणि मार्गदर्शक पुस्तकांतला त्याचा उल्लेखही आक्रसत गेला. गाडी बदलण्याची जागा असलेले मनमाड मात्र आज नांदगाव तालुक्यातच येते.