ऑटोकॅडमध्ये एका ड्रॉईंगमधून दुसऱ्या ड्रॉईंगमध्ये कॉपी करताना नक्की काय होतं?

ऑटोकॅडमध्ये एका फाईलमधला दरवाजा उचलून दुसऱ्या फाईलमध्ये ठेवायचा असेल, तर कंट्रोल सी आणि कंट्रोल व्ही चालतंच. व्हॉट्सॲपवरचा मेसेज कॉपी करतो तसंच. पण ड्रॉईंगमधली वस्तू एकटी येत नाही. तिच्यासोबत तिचा लेयर, लाईनटाईप, टेक्स्ट स्टाईल आणि ब्लॉकची व्याख्या असं सगळं सामान येतं. खरी गडबड होते ती या सामानामुळे.

आधी ब्लॉक समजून घेऊ. अनेक रेघा एकत्र बांधून त्यांना एक नाव दिलं की झाला ब्लॉक. त्याची व्याख्या फाईलमध्ये एकदाच साठवलेली असते. प्लॅनमध्ये ४० दरवाजे दिसत असले, तरी ते त्या एकाच व्याख्येकडे बोट दाखवत असतात. आम्ही प्रोग्रॅमर लोक फंक्शन एकदा लिहून हवं तितक्या वेळा वापरतो, तसंच हे.

आता समजा, ज्या फाईलमध्ये पेस्ट करताय तिथे त्याच नावाचा दुसरा ब्लॉक आधीच आहे. मग कोण जिंकतं? आधीपासून तिथे असलेला! तुम्ही आणलेली व्याख्या बाजूला पडते. लेयरचंही असंच, रंग नवीन फाईलमधला लागतो. तुमच्या फोनमध्ये एखादा नंबर 'पप्पू' नावाने सेव्ह असेल, तर समोरच्याने स्वतःचं नाव काहीही ठेवू दे, तुम्हाला 'पप्पू'च दिसणार ना?

माझी मामेबहीण सिव्हिलचा डिप्लोमा करते. मागच्या महिन्यात तिचा स्क्रीनशॉट आला, "दादा, बाथरूमचा दरवाजा आपोआप मोठा कसा झाला?" जुन्या प्लॅनमध्ये 'डोअर' नावाचा ब्लॉक ७५० मिलिमीटरचा होता, नव्यात त्याच नावाचा ९०० चा. पेस्ट केल्यावर दरवाजा उघडताना थेट वॉश बेसिनवर आदळत होता. खाली कमांड लाईनमध्ये डुप्लिकेट व्याख्या सोडून दिल्याची बारीक ओळ आली होती, पण ती वाचतं कोण! हाच प्लॅन साईटवर गेला असता, तर सुताराने ९०० ची चौकट बनवून आणली असती.

यावर साधा उपाय म्हणजे ब्लॉकच्या नावातच माप टाका, 'डोअर ७५०' असं. नाव आधीच एकसारखं असेल तर कॉपी करण्यापूर्वी रिनेम कमांडने बदलून घ्या. कंट्रोल शिफ्ट व्ही दाबून ब्लॉक म्हणून पेस्ट करा, असं बरेच जण सांगतात. त्याने सगळं सिलेक्शन एका नव्या, विचित्र नावाच्या ब्लॉकमध्ये गुंडाळलं जातं खरं, पण आतल्या 'डोअर'चं नाव तेच राहतं. म्हणजे भांडण मिटत नाही.

जागा अचूक हवी असेल तर साधं कंट्रोल सी टाळाच. त्यात पकडायचा बिंदू सिलेक्शनचा डावीकडचा खालचा कोपरा असतो. कंट्रोल शिफ्ट सी दाबलं की बेस पॉईंट तुम्ही निवडता, उदाहरणार्थ कॉलमचा कोपरा. आणि त्याच इमारतीच्या इलेक्ट्रिकल प्लॅनमध्ये भिंती न्यायच्या असतील, तर मूळ कोऑर्डिनेट्सवर पेस्ट करण्याचा पर्याय आहे. माझ्या मते सगळ्यात कमी वापरला जाणारा, पण सगळ्यात कामाचा.

कंट्रोल २ दाबलं की डिझाईन सेंटर उघडतं. तिथून दुसरी फाईल न उघडताही तिच्यातले ब्लॉक, लेयर, डायमेन्शन स्टाईल ओढून आणता येतात. ब्लॉकवर राईट क्लिक केल्यावर 'रिडिफाईन'चे पर्याय दिसतात. ते जपून वापरा. त्याने नवीन व्याख्या जिंकते आणि त्या नावाचे जुने सगळे दरवाजे एका झटक्यात बदलतात.

ब्लॉक आणण्यापूर्वी युनिट्स कमांडमध्ये इन्सर्शन स्केल दोन्ही फाईलमध्ये बघा. १ इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. एकक नीट लावलेलं नसेल, तर ३६ इंचांचा दरवाजा ९१४.४ ऐवजी ३६ मिलिमीटरचा होऊन येऊ शकतो. तो दिसतच नाही, आणि आपण शोधत बसतो.

मूळ ड्रॉईंग अजून बदलत असेल, तर कॉपी करूच नका, एक्सरेफ जोडा. मूळ फाईल बदलली की रिलोड केल्यावर तुमच्याकडेही बदल दिसतो. शिवाय त्यातल्या लेयरच्या नावापुढे फाईलचं नाव लागतं, त्यामुळे नावांची टक्कर होत नाही. फक्त फाईल कुणाला पाठवताना ई-ट्रान्समिट वापरा, नाहीतर समोरच्याला भिंतींच्या जागी नुसता फाईलचा पत्ता दिसेल.