गाणं पुढं, बेस मागं

मागच्या डिसेंबरात गावी चाललो होतो. गाव म्हणजे कळंब, तालुका इंदापूर, वालचंदनगरला अगदी खेटून. हंगाम सुरू होता, त्यामुळे रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर. पुढच्या ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या आणि वर छताला मागच्या बाजूला बांधलेले दोन दणकट स्पीकर. मी हॉर्न बडवतोय आणि त्या गड्याला पत्ताच नाही. शेवटी चरफडत ओव्हरटेक केला, तर स्टिअरिंगवर माझाच चुलतभाऊ!

संध्याकाळी त्याला झापायला गेलो. तो शांतपणे म्हणाला, "रात्रभर कारखान्यावर नंबर लावून बसायचं, गाणी नसली की डोळा लागतो. आन् तुज्या डिकीत काय भजनाची पेटी हाय व्हय?"

निरुत्तर! माझ्या डिकीतही बारा इंची सबवूफर होताच. तेव्हा ठरवलं, हा वीकेंड दोन्ही गाड्यांचा. पण त्याआधी थोडा इतिहास, कारण गाडीतला आवाज मागे कसा गेला ही गोष्ट आमच्या शिवारापासून फार लांब नाही.

कळंबच्या माळावर १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी साखर कारखाना उभा केला, त्याचंच पुढे वालचंदनगर झालं. याच माणसानं १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी डॉज-प्लायमाउथ आणि मग फियाट बाहेर पडू लागल्या. १९७४ पासून त्या फियाटला 'पद्मिनी' म्हणायला लागले. शतक बदलता बदलता तिचं उत्पादन थांबलं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सीही गेली.

सुरुवातीला गाडीतला आवाज पुढूनच यायचा. अमेरिकेत पॉल गॅल्विन यांच्या कंपनीनं १९३० मध्ये 'मोटोरोला' नावानं कार रेडिओ आणला. त्या काळी स्पीकर एकच, तोही ड्रायव्हरच्या पुढ्यात. १९६३ मध्ये फिलिप्सची कॅसेट आली, पाठोपाठ गाडीत स्टीरिओ आला आणि निदान दोन स्पीकर लागायला लागले. आता पद्मिनीच्या पत्र्याच्या डॅशबोर्डमध्ये मोठा स्पीकर बसवणार कुठे? मागच्या काचेखालची फळी मात्र रिकामीच होती. मेकॅनिकनं तिथे दोन लंबगोल भोकं पाडली की काम झालं. वर अंडाकृती स्पीकर, खाली अख्खी डिकी आयता खोका. बेस असा घुमायचा की विचारू नका. आमच्या वडिलांच्या पद्मिनीतही हेच होतं. मागे बसलेली आजी खूश, पुढे बसलेल्यांना मात्र गायिका मानगुटीवर बसून गातेय असं वाटायचं :)

गंमत अशी, की बेसच्या बाबतीत ती फळी चूक नव्हतीच. लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्येच मांडलं होतं, की बारीक आवाजाची दिशा आपण दोन कानांतल्या जोराच्या फरकावरून ओळखतो आणि जाड आवाजाची वेळेच्या फरकावरून. ६० हर्ट्झची एक लाट साधारण पावणेसहा मीटर लांब असते, म्हणजे गाडीच्या केबिनहून मोठी. लाट पुरी व्हायच्या आतच ती काचांवर आपटून परत येते. त्यामुळे साधारण ८० हर्ट्झच्या खालचा बेस कुठून येतोय हे कानाला धड सांगता येत नाही. तो खुशाल मागे ठेवा. चूक झाली ती गाण्याची. शब्द, पेटी, तबल्याची चाट हे सगळं पुढूनच यायला हवं.

म्हणून माझ्या गाडीत तीन कामं केली. एक, मागच्या दारांचे स्पीकर जवळजवळ बंद. दोन, पुढच्या दारांच्या पत्र्यातली भोकं ब्यूटाईलच्या शीटनं बुजवली. भोकं असली की स्पीकरच्या मागची लाट पुढच्या लाटेला खाते आणि बेस मरतो. तीन, वेळ. १९४९ मध्ये हेल्मुट हास यांनी दाखवलं, की जो आवाज आधी पोचतो तिकडेच कान दिशा मानतो. उजवं दार माझ्यापासून ९० सेंटीमीटर, डावं १४०. म्हणून उजव्याला दीड मिलिसेकंद थांबवलं, आणि दोन्ही दारांना मिळून डिकीतल्या सबवूफरसाठी आणखी थोडं. सबवूफर ८० ला कापला, डिकीचं खडखडणारं झाकण घट्ट केलं (खडखडाटाची दिशा कानाला लगेच कळते!) आणि काय सांगू, गायक बॉनेटवर येऊन बसला. आवाज आधीपेक्षा कमी, तरी बेस पुरेसा.

आता ट्रॅक्टर. बंद गाडीत केबिन स्वतःच बेस वाढवून देते, उघड्यावर ती सोय नाही. म्हणून खोके मोठे आणि आवाजही मोठा. आणि इथेच धोका आहे. वेगेल आणि लेन यांनी १९२४ मध्ये दाखवलं होतं, की मोठा जाड आवाज त्याच्या वरच्या आवाजांना झाकून टाकतो. हॉर्नही त्यातच बुडतो. मागून येणाऱ्याला वाटतं, याला कळलंय. आणि याला तर काहीच कळलेलं नसतं.

पण झोपही खरीच की. मग साधं गणित केलं. उघड्यावर अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबल वाढतो. दोन मीटरवरचा स्पीकर अर्ध्या मीटरवर आणला तर १२ डेसिबलचा फायदा, म्हणजे तेवढाच आवाज सोळाव्या हिश्श्याच्या पॉवरमध्ये. छतावरचे खोके उतरवले आणि दोन छोटे स्पीकर त्याच्या तोंडासमोर बसवले. मागे उभा राहून हॉर्न वाजवला. त्यानं लगेच मान वळवली.

"आलं ना ऐकू?" मी विचारलं.

"आलं की. गाणंबी झ्याक येतंय," तो म्हणाला. मग उतरवलेल्या खोक्यांकडे बघत जरा खट्टू झाला. "मला येतंय रं, पर गावाला कुटं येतंय?"

याच्यावर माझ्याकडे सर्किट नाही. पण परवा फोन केला होता, खोके अजून माळ्यावरच आहेत.