चाकाची खुर्ची आणि तीन पायऱ्या

इतिहास म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गड-किल्ले, तह, लढाया आणि सनावळ्या येतात. पण या विकांताला मी जो इतिहास घेऊन बसलोय, त्यातली लढाई पायऱ्यांशी आहे. हो, पायऱ्यांशीच! ऑफिसला उशीर झाला की आपण ज्या दोन-दोन करून चढतो, त्या. आणि ती लढाई लढणारी बाई कोल्हापूरची, नसीमा हुरजूक. लोक त्यांना नसीमादीदी म्हणतात.

त्यांचा जन्म १९५० सालचा. चांगली हिंडती-फिरती मुलगी, आणि सोळाव्या वर्षी कमरेखालचं शरीर लुळं पडलं. डॉक्टरी भाषेत पॅराप्लेजिया. आपल्या भाषेत सांगायचं तर मज्जारज्जू ही मेंदूपासून खाली जाणारी मुख्य केबल. ती मध्येच निकामी झाली की वरून हुकूम खाली पोचत नाहीत आणि खालची खबर वर येत नाही. त्यामुळे नुसतं चालणं जात नाही, लघवी-शौचावरचा ताबाही जातो. एका जागी बसून कातडीला जखमा होतात आणि त्या दुखत नाहीत, म्हणून वेळेवर कळतही नाहीत. हे सगळं साठच्या दशकात, एका कॉलेजवयीन मुलीच्या वाट्याला. तेव्हा घरात अपंग मुलगी म्हणजे जन्मभर सांभाळायचं ओझं, असंच समजलं जायचं. कायदा नाही, आरक्षण नाही, रॅम्प हा शब्दसुद्धा कोणाला ठाऊक नाही.

मग त्यांना बाबूकाका दिवाण भेटले. तेही पॅराप्लेजिक, पण स्वतःचा उद्योग सांभाळायचे आणि स्वतःची गाडी स्वतः चालवायचे! अशा गाडीत ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हाताने चालवायची सोय केलेली असते. इंजिन तेच, चाकं तीच, रस्ताही तोच. बदलतो तो फक्त इंटरफेस. मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा बराच वेळ तिथेच अडकलो होतो. युजरला आपलं सॉफ्टवेअर वापरता आलं नाही तर आपण बग कोणाच्या नावावर टाकतो? युजरच्या नक्कीच नाही. मग इमारतीच्या बाबतीत आपण माणसालाच बग का समजतो?

असो. पुढे नसीमादीदी शिकल्या, केंद्रीय अबकारी आणि सीमाशुल्क खात्यात नोकरीला लागल्या. एवढ्यावर थांबल्या असत्या तरी लोकांनी कौतुकच केलं असतं. पण १९८४ साली रजनी करकरे-देशपांडे यांच्यासारख्या सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. रजनीताई स्वतः पोलिओ झालेल्या, आणि नावाजलेल्या गायिका. म्हणजे नाव 'हेल्पर्स', पण मदत करणारे आणि मदत घेणारे असे दोन वेगळे गट तिथे नव्हतेच.

मला त्यांच्या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती त्या कामाची साखळी. खेड्यातल्या मुलाला नुसती कुबडी दिली, तर शाळा दोन मैलांवर आहे. शाळेजवळ राहायची सोय केली, तर तिथला संडास वापरता येत नाही. शिक्षण झालं, तर नोकरी कोण देतं? नोकरी मिळाली, तर खुर्चीचं चाक मोडल्यावर दुरुस्त कोण करणार? एक कडी तुटली की अख्खी साखळी वाया. म्हणून संस्थेने 'घरौंदा' हे वसतिगृह काढलं, शाळा काढली, चाकाच्या खुर्च्या आणि इतर साधनं बनवणारा वर्कशॉप काढला आणि सिंधुदुर्गात 'स्वप्ननगरी' वसवली. तिथे काजूवर प्रक्रिया करण्याच्या कामात अपंगांना रोजगार मिळाला. एकेक अडथळा शोधायचा आणि काढायचा. आपण ज्याला एंड-टू-एंड म्हणून मिरवतो ना, ते हेच.

हे काम सुरू झालं तेव्हा मागे कायद्याचं बळ नव्हतं, हे लक्षात घ्या. अपंगांना समान संधी देणारा कायदा संसदेत १९९५ साली झाला आणि १९९६ च्या फेब्रुवारीत लागू झाला. त्यात सात प्रकारची अपंगत्वं होती आणि सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के आरक्षण. २००६ साली संयुक्त राष्ट्रांनी अपंगांच्या हक्कांचा करार मंजूर केला, २००७ साली भारताने तो मान्य केला आणि मग २०१६ चा नवा कायदा आला. आता २१ प्रकार आणि आरक्षण ४ टक्के. म्हणजे नसीमादीदींची संस्था पहिल्या कायद्याच्या अकरा वर्षं आधीची! त्यांचं 'चाकाची खुर्ची' हे आत्मचरित्र आलं आणि हा विषय दानपेटीतून बाहेर पडून मराठी घराघरांत पोचला.

हे फक्त आपल्याकडचं नाही बरं का. इथिओपियात येत्नेबर्श निगुसी नावाची एक वकील आहे. लहानपणीच दृष्टी गेली. तिच्या भागात मुलींची लग्नं बालपणीच लागायची. ती म्हणते की आंधळेपणामुळेच आपण बालविवाहातून सुटलो आणि शाळेत गेलो! अपंगांच्या हक्कांसाठी केलेल्या कामाबद्दल तिला २०१७ साली राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. युगांडाच्या संसदेत तर अपंगांच्या प्रतिनिधींसाठी पाच जागा राखीव आहेत. आपल्या लोकसभेत अशी एकही नाही. आफ्रिका म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांनी यावर जरा विचार करावा.

आता थोडं माझ्या गावाकडचं. मी हिंगोली जिल्ह्यातला. आमचा जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. माझ्या मावशीला लहानपणी पोलिओ झाला होता. गावात सातवीपर्यंतच शाळा, हायस्कूल पुढच्या गावी, आणि मधे काळ्या मातीची वाट. पावसाळ्यात तिथून धडधाकट माणूस चालू शकत नाही, कुबडी तर रुततेच. मावशीचं शिक्षण सातवीला संपलं. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी परभणी गाठावी लागायची. आजोबा तिला पाठंगुळीला घेऊन एसटीत चढवायचे. पुढे एका सरकारी कचेरीत तिला सांगितलं गेलं की अपंगांचं टेबल वरच्या मजल्यावर आहे. लिफ्ट अर्थातच नव्हती!

'चाकाची खुर्ची' मी तिला वाचायला दिलं होतं. चार दिवसांत संपवलं. मला वाटलं, म्हणेल की फार धीराची बाई आहे. ती म्हणाली, "आपल्याकडं असं हॉस्टेल असतं तर मी बी मॅट्रिक झाले असते रे."

बस्स, एवढंच. धीर तिच्यातही होताच. तिला हवं होतं ते हॉस्टेल. आपण अशा माणसांच्या जिद्दीला टाळ्या वाजवतो आणि हॉस्टेलचा प्रश्न तिथेच राहतो. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ साली सापडला. २०१४ साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला, आपण सगळ्यांनी आनंद साजरा केला. पण ज्यांना आधीच झाला होता ती माणसं आहेतच की. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले आणि त्यातले जवळजवळ ६९ टक्के खेड्यांत राहणारे.

आणि शहरात तरी काय? थोडं गणित करू. रॅम्पचा उतार साधारण १ ला १२ असावा लागतो. म्हणजे १५ सेंटीमीटरच्या एका पायरीला १.८ मीटर लांबीचा रॅम्प. तीन पायऱ्यांना ५.४ मीटर. अनेक इमारतींसमोर जो घसरगुंडीसारखा तुकडा टाकलेला असतो, त्यावरून खुर्ची चढवता येत नाही, फक्त तपासणीच्या कागदावर टिकमार्क येतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात नेमकं हेच धरलं. सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशी म्हणून चालणार नाहीत, काही निकष तरी सक्तीचे करा, असं सरकारला सांगितलं.

सोमवारी ऑफिसला जाल तेव्हा दारातल्या पायऱ्या मोजा, रॅम्प असेल तर त्याची लांबी बघा, आणि चाकाची खुर्ची आत जाईल एवढं संडासाचं दार रुंद आहे का तेही. नसेल तर ॲडमिनला मेल टाका. आणि हो, सोमवारी तुमच्या ॲपचं बटण स्क्रीन रीडरला वाचता येतं का, तेही तपासून घ्या. ते तर आपल्याच हातात आहे.