नित्याचे घर आणि चित्राखालील ओळ

विल्यम जॉन्सन याने १८६३ व १८६६ साली दोन खंडांत प्रसिद्ध केलेल्या संग्रहात मुंबईच्या रहिवाशांची छायाचित्रे आहेत. माणसे एके ठिकाणी टिपावयाची आणि त्यांच्यामागे दुसरीकडचा देखावा जोडावयाचा, ही त्यातील रीत. माणसांची ओळख करून दिली आहे ती जातीच्या वा जमातीच्या नावाने. त्यांच्या घराला येथे स्थान नाही आणि त्यांच्या शब्दांनाही नाही.

याचे दुसरे टोक म्हणजे बिल ओवेन्स याचा १९७३ सालचा ‘सबर्बिया’ हा ग्रंथ. कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर येथील वृत्तपत्राचा हा छायाचित्रकार आपल्याच परिसरातील नव्या वसाहतींत हिंडला. स्वयंपाकघरे, अंगणे, मेजवान्या त्याने टिपल्या आणि अनेक चित्रांखाली त्या त्या कुटुंबाचेच शब्द छापले. त्यात नित्याचे घर चमत्कारिक भासते खरे. परंतु हा चमत्कारिकपणा केवळ भिंगातून उपजलेला नव्हे. चित्र वस्तूंची दाटी दाखविते, ओळ समाधान सांगते. घराची खरी ओळख पटते ती या दोहोंमधील अंतरात. ओळ झाकली तर उपहास उरतो; चित्र झाकले तर औपचारिक उत्तर.

सोलापूरच्या अभ्यासकास हा प्रश्न दूरचा वाटू नये. शहराबाहेर कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी सुमारे १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहून २००६ साली तिचे हस्तांतर झाले. तेथीलच रे नगर या ३०,००० घरांच्या योजनेपैकी १५,००० घरे १९ जानेवारी २०२४ रोजी कामगारांना मिळाली. समारंभाची छायाचित्रे वृत्तपत्रांमुळे टिकतील. परंतु नव्या घरात देव कोठे मांडले, विड्यांचे सूप कोठे टेकविले, हे कोण टिपणार?

आणि टिपले तरी खालची ओळ कोणत्या भाषेत लिहावयाची? येथील विडी कामगारांत तेलुगू बोलणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांचे बोलणे प्रमाण मराठीत ‘सुधारून’ छापल्यास आपणही जॉन्सनच्याच पंक्तीस बसू : माणूस एकीकडचा, शब्द दुसरीकडचे. म्हणून ओळ बोलली गेली तशीच उतरवावी, तिचा अर्थ खाली निराळा द्यावा आणि दिनांक नोंदवावा. हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. कारण नव्या घराचा नवखेपणा एकदा ओसरला, की तो घरातील माणसांनाही सांगता येत नाही.