टेकडी आणि कुंपण: आइल ऑफ वाइटचा संगीत महोत्सव

आज आपण इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या आइल ऑफ वाइट बेटावर जाऊ. पोर्ट्समथहून फेरीबोट धरायची, सोलंटची सामुद्रधुनी ओलांडायची, की पोचलो. न्यूपोर्ट गावातल्या सीक्लोज पार्कात उन्हाळ्यात इथला संगीत महोत्सव भरतो. तिकीट, तपासणी, तंबू, सगळं शिस्तीत. पण या शिस्तीलाही इतिहास आहे, आणि तो आपल्याला बेटाच्या पश्चिम टोकाला नेतो.

सुरुवात साधीच होती. १९६८ साली फोक आडनावाच्या भावांनी पोहण्याच्या तलावाच्या निधीसाठी एक रात्र कार्यक्रम केला. दहाएक हजार लोक आले. पुढच्या वर्षी बॉब डिलन आला आणि गर्दी लाखावर गेली. बेटाची स्वतःची वस्तीच तेव्हा साधारण लाखभर! स्थानिक धास्तावले, हे समजण्यासारखं आहे.

१९७० साली विरोध एवढा वाढला, की आयोजकांना जागा मिळेना. शेवटी फ्रेशवॉटरजवळचं ईस्ट अ‍ॅफ्टन फार्म पदरात पडलं. आता गंमत बघा: या शेताच्या डोक्यावरच अ‍ॅफ्टन डाउनची मोकळी टेकडी. खाली तीन पौंडांचं तिकीट, वर तोच कार्यक्रम फुकट! हजारो लोक टेकडीवर बसले. कुंपणावरून झटापटी झाल्या आणि अखेर महोत्सव सर्वांना मोफत जाहीर करावा लागला. सहा लाख लोक आल्याचं सांगतात. त्या आकड्याबद्दल वाद आहे. जिमी हेंड्रिक्स तिथे वाजवून गेला आणि तीन आठवड्यांच्या आत, १८ सप्टेंबरला, वारला.

१९७१ साली संसदेने या बेटापुरता कायदा केला: पाच हजारांहून जास्त लोकांचा रात्रीचा मेळावा परवान्याशिवाय नाही. महोत्सव थांबला, तो २००२ पर्यंत.

दोष कुणाचा, असं आम्हाला विचारतात. आम्ही म्हणतो, जागेकडे बघा. सोयीची जागा नाकारली म्हणून गर्दी टळली नाही. ती फक्त कुंपणाबाहेर जाऊन बसली. रहिवाशांची शांतताही खरी होती, टेकडीवरच्या पोरांची ओढही खरी होती. दोघांना एका मैदानात बसवायची व्यवस्था व्हायला बत्तीस वर्षं लागली. म्हणून सीक्लोज पार्क बघून झालं, की टेकडीवरही जाऊन या. कुंपणाची किंमत वरूनच नीट दिसते.