गाऱ्हाणे कोणापुढे?

आमच्या मालवणी मुलखात गाऱ्हाणे घालतात ते देवापुढे, पण ऐकायला उभा असतो गाव. गाऱ्हाणे घालणारा हात जोडून बारा-पाचाच्या देवाला हाक मारतो. कोणावर कसले संकट आहे, कोणाचे काय चुकले, आता काय व्हायला हवे, हे एकेक करून सांगतो, आणि दर वाक्याला जमलेली माणसे 'व्हय म्हाराजा' म्हणत साथ देतात. बोलणे देवाशी चाललेले असते, होकार मात्र गावाचा असतो. ज्याचे काही चुकलेले असते तोही त्याच घोळक्यात उभा राहून 'व्हय म्हाराजा' म्हणतो. एरवीच्या मराठीत 'गाऱ्हाणे' म्हणजे तक्रार. तळकोकणात त्याचा अर्थ विनवणीही होतो आणि चारचौघांत दिलेली जबानीही होते. अन्यायाविरुद्धचे जुने लेखन वाचताना आणि वाचायला शिकवताना मला या रीतीइतका दुसऱ्या कशाचा उपयोग झालेला नाही.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. वाचनालयातली कपाटे आणि रद्दीत सापडलेली पुस्तके यांवरच माझा अभ्यास झाला. गेली काही वर्षे सुट्टीच्या दिवशी मालवणातली अकरावी-बारावीची आणि कॉलेजची दहा-पंधरा मुले जमतात आणि आम्ही असे लेखन एकत्र वाचतो. मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'सर, ह्यो कोणापैकी?' म्हणजे लेखक कोणत्या जातीचा? उत्तर मिळाले की निकाल लागतो. आपल्यातला असेल तर सगळे खरे, नसेल तर सगळे भडकावू. मजकूर न वाचताच वाचून संपतो. जोतीराव फुले आणि बाबासाहेब आंबेडकर यांच्या तसबिरींना हार घालणारे आणि त्यांच्या नावाने नाक मुरडणारे, या दोघांतही त्यांचा युक्तिवाद सांगू शकणारी माणसे कमी भेटतात, त्याचे कारण मला इथे दिसते.

म्हणून मी सुरुवात अमेरिकेतल्या लेखनापासून करतो. तिथली आडनावे आमच्या मुलांना काहीच सांगत नाहीत. मग मजकूर वाचण्यावाचून गत्यंतर उरत नाही. प्रत्येक लेखाला आम्ही तीन प्रश्न विचारतो. मायना कोणाच्या नावे आहे? प्रत्यक्षात ऐकायचे कोणी आहे? आणि घाव घालण्याआधी लेखकाने समोरच्याचे काय मान्य केले आहे?

१७७६चा अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा राजाविरुद्धच्या तक्रारींची यादी आहे, पण तो राजाला उद्देशून लिहिलेला नाही. राजा त्यात 'तो' आहे. बोलणे जगाशी आहे. न्याय जगाने करावा, अशी ती मांडणी. बहात्तर वर्षांनी, जुलै १८४८मध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका फॉल्स या गावी स्त्रियांच्या हक्कांसाठी परिषद भरली. तिथल्या जाहीरनाम्याचा मसुदा मुख्यतः एलिझाबेथ केडी स्टँटन यांचा. त्यांनी १७७६चाच साचा उचलला. राजाच्या जागी पुरुष आला आणि तक्रारींची यादी नव्याने भरली. खाली शंभर सह्या झाल्या, ६८ स्त्रियांच्या आणि ३२ पुरुषांच्या. युक्ती साधी दिसते, पण तिने प्रतिपक्षाची कोंडी होते. जो जाहीरनामा तुम्ही दरवर्षी अभिमानाने वाचता, त्याचेच तर्कशास्त्र आम्ही लावले आहे. आता हे नाकारायचे तर ते कसे स्वीकारता?

फ्रेडरिक डग्लस गुलामीत जन्मले आणि १८३८मध्ये तिथून निसटले. ५ जुलै १८५२ रोजी रॉचेस्टर शहरात त्यांनी स्वातंत्र्यदिनानिमित्त भाषण केले. बोलावणारी संस्था गुलामीविरोधी स्त्रियांची होती, म्हणजे श्रोते बहुतेक सहानुभूतीचे. डग्लस आधी राष्ट्राच्या संस्थापकांचे धैर्य मोकळेपणाने वाखाणतात. मुलांना मी या भागातल्या सर्वनामांखाली पेन्सिलीने रेघा ओढायला सांगतो. रेघा ओढता ओढताच त्यांच्या लक्षात येते: हा माणूस 'आपले' म्हणतच नाही, सारखे 'तुमचे' म्हणतो आहे. सण तुमचा, स्वातंत्र्य तुमचे, पूर्वज तुमचे. कौतुक चालू असतानाच भिंत उभी राहत असते. पुढे जेव्हा तो संताप बाहेर पडतो, तेव्हा श्रोत्यांना पळायला जागा उरलेली नसते.

एवढी तयारी झाली की आम्ही घरी येतो.

१५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ या अंकांत 'ज्ञानोदय'ने एक निबंध छापला. लिहिणारी मुक्ताबाई साळवे फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी चौदा वर्षांची मुलगी होती. विषय मांग-महारांचे दुःख. 'ज्ञानोदय' हे १८४२मध्ये अहमदनगरला सुरू झालेले अमेरिकन मराठी मिशनचे पत्र. शाळेतल्या मुलीचा निबंध म्हणून तो आज कौतुकाने सांगितला जातो, पण मुलांना मी त्यातली संबोधने मोजायला लावतो. मुक्ताबाई देवाला हाक मारते आणि विचारते की आमचा धर्म कोणता ते तूच सांग. मधे ती वेदांवर हक्क सांगणाऱ्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांवर तोलते. वेद तुमचेच असतील आणि आम्हांला ते पाहण्याचाही अधिकार नसेल, तर आम्ही धर्मपुस्तकाविना, म्हणजे धर्माविनाच ठरतो, ही तुमच्याच बोलण्यातून निघणारी गोष्ट. इमारतींच्या पायात माणसे पुरल्याच्या, घराबाहेर उघड्यावर बाळंत होणाऱ्या बायांच्या हकिकती ती देते. शेवटी ती वळते ती आपल्या लोकांकडे. तुमच्या दुखण्यावर ज्ञान हेच औषध आहे, ते घ्या, असे ती त्यांना बजावते.

आमच्या मुलांना हा क्रम समजावून सांगावा लागत नाही. देवापुढे घातलेले गाऱ्हाणे गावाने ऐकायचे असते, हे ती लहानपणापासून पाहत आली आहेत.

फुल्यांचे 'गुलामगिरी' १८७३चे. पुस्तक जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादाच्या रूपात आहे, पण त्याआधी येते अर्पणपत्रिका. गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना फुले ते अर्पण करतात, आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा अशी आशा व्यक्त करतात. मायना अमेरिकेचा, कान पुण्याचे. परक्याची स्तुती करून घरच्याला लाज आणण्याची ही रीत आपल्या आयांनाही चांगली ठाऊक असते. इंग्रजी प्रस्तावनेत ऐकणारा पुन्हा बदलतो. रयतेच्या पैशातून वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च कशासाठी, हा सवाल तिथे सरकारला आहे. आतले संवाद मराठीत, कारण ते धोंडीबासारख्यांसाठी आहेत.

याच पुस्तकातला परशुरामाचा भाग कोकणात वाचताना वर्गात चुळबूज होते. परशुरामाने समुद्र हटवून ही भूमी काढली, हे आमच्याकडे आजीच्या मांडीवरच ऐकलेले असते. फुले या चिरंजीव परशुरामाला रीतसर पत्र लिहितात. १ ऑगस्ट १८७२ ही तारीख, पुण्यातला स्वतःचा पत्ता, आणि सहा महिन्यांत हजर होण्याची मुदत. एका मुलाने विचारले, 'सर, पण ह्यां पत्र पोचतलां कसां?' सगळे हसले. मी म्हटले, याचेच उत्तर शोधा. बऱ्याच वेळाने एक मुलगी म्हणाली की ते पोचू नये म्हणूनच लिहिले आहे. फुले आधी प्रतिपक्षाचे म्हणणे मान्य करतात: परशुराम चिरंजीव आहे. मग त्याला चिरंजीव माणसाला शोभेल अशी नोटीस काढतात. उत्तर न येणे हाच पुरावा. पोस्टाने जाण्याजोगा मजकूर, पण वाचायचा पुस्तकाच्या वाचकाने. हे पटो वा न पटो, ते कसे घडवले आहे हे त्या मुलीला दिसले, आणि त्या दिवशी लेखकाची जात कोणी विचारली नाही.

तपासणी आपल्या आवडत्या लेखकालाही लावायची असते. अमेरिकेत गुलामी संपवणारी घटनादुरुस्ती डिसेंबर १८६५मध्ये मंजूर झाली. पण 'गुलामगिरी' निघाले त्याच १८७३च्या एप्रिलमध्ये लुइझियाना राज्यातल्या कोलफॅक्स गावी गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीने कित्येक कृष्णवर्णीयांची कत्तल केली. मग अर्पणपत्रिकेतली स्तुती खोटी म्हणायची का? मुले यावर भांडतात, आणि भांडावे. माझे मत असे की अर्पणपत्रिका हा अमेरिकेचा वृत्तांत नाही, ती घरच्या माणसांपुढे धरलेली मोजपट्टी आहे. मोजपट्टीला सरळ राहावे लागते, म्हणून तिच्यात अमेरिकेचे वाकडेपण आलेले नाही. हे ओळखल्याने फुले लहान होत नाहीत. पण हे न ओळखता वाचले तर उद्या कोणीही दुसरी मोजपट्टी आपल्या हातात देईल आणि आपण तिलाच जग समजू.

डॉ. आंबेडकरांच्या 'जातिभेदाचे उच्चाटन' या १९३६च्या भाषणाची गोष्ट तर आणखी विलक्षण. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाच्या परिषदेसाठी ते लिहिले गेले. मजकूर पाहून आयोजकांनी परिषदच रद्द केली, आणि आंबेडकरांनी ते स्वखर्चाने छापले. समोर कोणीच नसलेल्या सभेला केलेले ते संबोधन आहे. ज्यांनी ऐकायचे नाकारले, त्यांचा नकार छापील भाषणाचा भाग झाला. पुढे १९४६मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचे त्यांनी वाचले होते, त्याच्या प्रती त्यांना हव्या होत्या. फुल्यांनी सज्जन अमेरिकनांकडे पाहिले होते. त्र्याहत्तर वर्षांनी आंबेडकर तिथल्या पीडितांकडे पाहत होते, आणि त्यांना हवा होता तो नमुन्याचा अर्ज.

मुलांनाही मी शेवटी अर्जच लिहायला देतो. आमच्या किनाऱ्यावर पारंपरिक मच्छीमार आणि प्रखर दिवे लावून मासे ओढणाऱ्या यांत्रिक नौका यांचा झगडा जुना आहे. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर २०१७पासून बंदी आहे, तरी रात्री समुद्रात उजेड दिसतो. हेच गाऱ्हाणे तीन जणांना लिहायचे: अधिकाऱ्याला, त्या नौकेच्या मालकाला आणि आपल्या वाडीला. रापणकरांच्या घरातल्या एका मुलीने अधिकाऱ्याला कायदा आणि तारखा लिहिल्या. मालकाला लिहिताना तिने एकच वाक्य वर ठेवले: 'तुमचो आजो आमच्या आज्याबरोबर रापणीक होतो.' तिसऱ्या पत्राला मात्र तिला तीन आठवडे लागले. वाडीतलीच काही माणसे त्या नौकांवर रोजाने जातात, हे तिला ठाऊक होते, आणि ते लिहायचे म्हणजे घरातच बोट दाखवायचे.

पत्र आले तेव्हा त्यात कोणाचे नाव नव्हते, पण कोणाला सुटकाही नव्हती. 'आपण' या शब्दाने सुरू झालेले ते पत्र मी तिला वाडीच्या बैठकीत वाचायला सांगितले आहे. ती अजून विचार करते आहे.